पट्ट्यावरचं तेल

सहा जून, शनिवार. सकाळी सात वाजता गाडीच्या अल्टरनेटरचा पट्टा बदलायला घेतला. आठवडाभर गाडी सुरू केली की पहिली दोन मिनिटं ती किंचाळत होती, आणि गॅरेजमध्ये नेली तर अर्ध्या तासाच्या कामासाठी चार दिवस अडकून पडते हा अनुभव आहे. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवायची, जुना पट्टा कोणत्या चाकावरून कसा गेलाय त्याचा फोनवर फोटो काढून ठेवायचा, अल्टरनेटरचे बोल्ट ढिले करायचे. तो इंजिनकडे ढकलला की पट्टा सैल होऊन हातात येतो. नवा चढवायचा, टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, अल्टरनेटर बाहेर ताणून धरायचा, बोल्ट आवळायचे आणि पट्टा मधोमध अंगठ्यानं दाबून पाहायचा. अर्धं बोट दबला तर बरोबर. नवा पट्टा हातात घेऊन मी उभी होते तेवढ्यात शेजारचे निवृत्त गृहस्थ दात घासत कुंपणाशी आले आणि म्हणाले, "काऊन एवढी खटपट करून राह्यल्या मॅडम? दोन थेंब तेल सोडा ना, आवाज बंद." माणूस चांगला आहे. पण ते वाक्य ऐकलं आणि माझ्या नाकात टोरीच्या तेलाचा जळका वास भरला. पट्टा ठेवून मी नळाशी गेले, हात धुतले, आणि मग येऊन काम पुरं केलं. हात स्वच्छच होते, तेलाला मी शिवलेही नव्हते. छत्तीस वर्षांनंतरही असं होत असेल तर ते एकदा लिहून टाकलेलं बरं.

आमचं गाव चामोर्शीकडचं. बाबांची एक जीप होती, मागं दोन बाकडी टाकलेली, ताडपत्रीच्या छपराची. ती एरवी सवाऱ्या न्यायची, मार्कंड्याच्या जत्रेत रोज चार-चार फेऱ्या मारायची आणि उन्हाळ्यात लग्नाची वऱ्हाडं वाहायची. घरापुढच्या मोहाखाली ती उभी असे. सकाळी बाबा हँडल मारायचे त्या आवाजानं आमच्या आळीतले लोक उठायचे. घरात माय, मी आणि बाबा. मोठी बहीण शोभा, तिला मी बाई म्हणायची, लग्न होऊन बल्लारपुरला दिलेली. उन्हाळ्यात सकाळी आंबील, दुपारी भात आणि लाखोळीची डाळ, रात्री दुपारचाच भात. वांग्यात सुके झिंगे पडले की तो दिवस चांगला. मोहाच्या झाडाची फुलं संपली की टोरी गळायची, म्हणजे त्याच्या बिया. त्या फोडून वाळवून माय घाण्यावर द्यायची आणि पिवळट, जाड तेल घरी यायचं. दिव्याला तेच, डोक्याला तेच, फुटलेल्या टाचांना तेच, आणि गोडं तेल संपलं की फोडणीलाही तेच. थंडीत ते थिजायचं आणि डबा चुलीशी ठेवावा लागायचा. त्याचा वास मला लहानपणी वाईट वाटत नसे. घराचा वास म्हणून तो अंगवळणी पडलेला होता.

जीपचं काम मी शिकले ते बाबांच्या हातामुळे. हँडल उलटं फिरून त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली होती आणि ती वाकडीच बसली. पंखा आणि रेडिएटर यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत त्यांचा हात जाईना. माझा जायचा. त्या जीपला एकच पट्टा होता. तोच पंखा फिरवायचा, तोच पाण्याचा पंप आणि तोच डायनामो. अल्टरनेटर हा शब्द मी पुढे ऐकला. आमच्याकडे सगळे डायनामोचा पट्टा म्हणायचे. बाबा बाजूला बसून सांगायचे आणि मी करायची. "पट्टा कोरडाच पायजे सिंधू," ते म्हणायचे. "ओला पट्टा अन् गोडबोल्या माणूस, दोघायचाही भरोसा नाई. कवा घसरन सांगता येत नाई." दहावी होऊन मी वर्षभर घरी बसले होते. मला चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकला जायचं होतं. फॉर्म आणून ठेवला होता, त्यावर फक्त बापाची सही हवी होती. बाबा म्हणत, "हे लग्नं निघू दे, मंग करतो सही." लग्नं निघत होती, एकामागून एक, आणि फॉर्म मायच्या ट्रंकेत पडून होता. शेवटची तारीख जवळ येत चालली होती.

अशात जावई बाईला घेऊन आले. सुधाकर त्यांचं नाव, नात्यानं माझे भाटवे. बल्लारपुरला कोळशाच्या ट्रकवर त्यांनी दोन वर्षं क्लीनर म्हणून काढली होती आणि तेवढ्यावर इंजिन या विषयात आपल्याला काही शिकायचं उरलं नाही अशी त्यांची समजूत होती. आले ते आठ दिवसांसाठी, राहिले महिनाभर. अंगणातली चांगली खाट त्यांची, उशी त्यांची, दुपारी वारा घालायला बाई. खर्ऱ्याची प्लास्टिकची पन्नी त्यांच्या हातातून सुटायची नाही. सुपारी, तंबाखू, चुना घालून तळहातावर ती पन्नी घासत बसायचे, तो चुर्र-चुर्र आवाज दिवसभर चाले. मग बोकणा भरायचे आणि बसल्या जागेवरून पिचकारी. तुळशीच्या ओट्याला, माठाच्या तिवईला, एकदा जीपच्या पुढच्या चाकाला. सकाळी सडा टाकण्याआधी मी ते खरवडून काढायची. माय म्हणायची, "चूप राह्य. जवाई हाये." आमच्याकडे जावयाला देवाखालोखाल मान. तो जेवल्याशिवाय घरात कोणी जेवायचं नाही, आणि त्याचं चुकलं असं त्याच्या तोंडावर म्हणायचं नाही. त्यात आमच्या जावयांचं रुसणं सगळ्या गावाला माहीत होतं. आदल्या पोळ्याला पुरणपोळी आधी पाहुण्याला वाढली गेली, तर हे भरल्या ताटावरून उठले आणि बाईला आमच्याकडे टाकून निघून गेले. चार महिने बाई माहेरी बसली. विहिरीवर बाया विचारायच्या, "काऊन वो शोभा, अजून नाई आला न्याले?" आणि बाई बादली अर्धी भरूनच घरी यायची.

जूनच्या सुरुवातीला आमच्या आळीतल्या एका मुलाचं लग्न निघालं. मुलगी मूल गावाच्या पलीकडची, चांद्याच्या रस्त्यावरच्या गावातली. नवरदेव आणि घरची माणसं आमच्या जीपमध्ये, बाकीचं वऱ्हाड ट्रॅक्टरवर. आदल्या दिवशी जुना पट्टा चिरलेला दिसला म्हणून मी नवा घातला. सकाळी बाबांनी जीप सुरू केली तर पट्टा किंचाळला. नवा पट्टा थोडा चालला की ताणतो आणि परत आवळावा लागतो. शिवाय आदल्या संध्याकाळी मी तो किंचित ढिला ठेवला होता, हेही खरं. पाना घेऊन पाच मिनिटं गेली असती. मी पाना आणायला आत गेले आणि तेवढ्या वेळात जावई खाटेवरून उठले.

"साळीबाई, गाडी रडून राह्यली तुमची," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "दूध पाजा तिले." नवरदेवाकडची माणसं हसली. मग मायला म्हणाले, "मामी, तेल आना जरा." मायनं टोरीच्या तेलाची बाटली आणून दिली. मी पाना घेऊन बाहेर आले तेव्हा बॉनेट उघडं होतं, जावयांचा एक हात कमरेवर आणि दुसऱ्या हातानं ते चालत्या पट्ट्यावर धार सोडत होते, केसांना लावतात तशी. तेलाचे शिंतोडे उडून त्यांच्या सदऱ्यावर पडले. आवाज बंद झाला. "पाह्यलं काय मामाजी?" ते बाबांना म्हणाले. "ह्याले म्हंते अनुभव." नवरदेवाचा मामा म्हणाला, "वा गा भाऊ!" मी चुलीतली राख आणि गोणपाटाचा तुकडा घेऊन धावले. राखेनं तेल ओढून घेतलं असतं, पट्टा आणि त्याची चाकं पुसून कोरडी करता आली असती. मायनं माझं मनगट धरलं. इतक्या जोरात तिनं मला कधी धरलं नव्हतं.

"पागल झाली काय वो? जवायाच्या हातचं पुसते?"

"माय, पट्टा घसरन. गाडी तापन."

"तो इथीच उभा हाये. त्याच्या डोळ्यापुढं पुसशीन?"

मी बाबांकडे पाहिलं. ते स्टेअरिंगवर होते. त्यांनी पट्ट्याकडे पाहिलं, जावयांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "राहू दे सिंधू. बस मांगं." म्हणजे तिथे तीन माणसांना ठाऊक होतं की या पट्ट्यावर गाडी जाणार नाही. मला, बाबांना, आणि माझ्या मते मायलाही. आणि तो पुसायचा नाही असं ठरलं, कारण पुसला असता तर जावयाचं चुकलं असं झालं असतं. मी पुढे तीस वर्षं खाणीच्या वर्कशॉपमध्ये काढली. आळशीपणानं, दारूनं, अज्ञानानं बिघडलेल्या मशिनी पाहिल्या. मान राखण्यासाठी जाणूनबुजून बिघडू दिलेलं इंजिन मी तेवढं एकच पाहिलं.

मूल मागं पडलं, सागाचं जंगल लागलं. जून असूनही झाडांवर पान नव्हतं आणि वारा चुलीच्या तोंडातून आल्यासारखा येत होता. मागं आम्ही नऊ बाया, नवरदेवाचा मामा आणि दोन पेट्या. पुढं बाबा, जावई, आणि मध्ये बाशिंग बांधलेला नवरदेव. आधी वास आला. तापलेल्या तेलाचा, त्यात रबराचा, वर जावयांच्या खर्ऱ्याचा. बाईनं पदर नाकाला लावला. एका म्हातारीला तिथंच ओकारी झाली, माझ्या पायावर. मग बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली आणि बाबांनी गाडी बाजूला घेतली. मी उतरून पायावर माती चोळत पुढं गेले. पट्टा काचेसारखा चकाकत होता, त्याचे काठ जळून काळे पडले होते, आणि तेल उडून रेडिएटरच्या मागं सगळीकडे चिकट थर बसला होता. मी म्हटलं, "सीटखाली जुना पट्टा हाये. गाडी थंडी होऊ द्या, अर्ध्या घंट्यात बसवतो."

"कोनं बसवला होता हा पट्टा?" नवरदेवाच्या मामानं विचारलं. मुहूर्त दुपारचा होता आणि त्याचा आवाज चढला होता.

जावयांनी आधी थुंकून घेतलं. "साळीबाईनं. पोरीच्या हाती गाडी देल्ल्यावर दुसरं काय होईन? आता तं तिले हातच लावू देऊ नका."

बाबांनी वाकून पट्ट्याला बोट लावलं आणि ते बोट नाकाशी नेलं. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. वास घेताना त्यांचे डोळे मिटले, हे मी पाहिलं. मग ते सरळ झाले आणि मामाला म्हणाले, "पोरीचं चुकलं भाऊ. मीच भरोसा ठेवला तिच्यावर."

"बाबा, तेल तं भाटव्यानं—"

थप्पड गालावर बसली. मोडक्या बोटांच्या हातानं मारल्यामुळे ती तिरपी लागली आणि कानातली रिंग रुतली. कोणी मध्ये पडलं नाही. बाई माझ्याकडे न पाहता म्हातारीचं तोंड पुसत होती. थोड्या वेळानं बल्लारपूरकडे बांबू घेऊन जाणारा एक ट्रक आला. नवरदेवाला त्याच्या केबिनमध्ये चढवलं. बाशिंग दारात अडकत होतं म्हणून काढून मामाच्या मांडीवर ठेवलं. आम्ही बाया सडकेनं चालत निघालो, पुढे एक ट्रॅक्टर भेटला. लग्न लागलं, अक्षता पडल्या, पंगती उठल्या. प्रत्येक पंगतीत कोणीतरी कोणाला तरी सांगत होतं की ती बघ, ती ड्रायव्हरची पोरगी, तिनं गाडी बिघडवली. मी भात आणि वांग्याची भाजी पोटभर खाल्ली. उपाशी राहून कोणाचं काय बिघडणार होतं?

दिवस कलताना आम्ही ट्रॅक्टरवरून घरी आलो. जीप तिकडे जंगलात उभी. मला वाटलं होतं आता निदान घरात तरी कोणी खरं बोलेल. जावई पिशवी भरत होते. "मी जातो गावाले. साळीनं चारचौघात माही इज्जत काढली. इथी पानी नाई प्याचं आता." मायनं लगेच कोंबडी धरली. शेजारून मसाल्याचे दगडफूल-लवंगा मागून आणले. बाबा मला गोठ्यामागं घेऊन गेले.

"पाया पड त्याच्या. माफी माग."

"कशाची?"

"कशाची ते नाई पाहाचं. पाया पड. मंग फॉर्मवर सही करतो."

उद्या शेवटची तारीख होती. त्यांनाही ते माहीत होतं. मी विचारलं, "तुमाले वास आला होता ना बाबा?"

ते गाईच्या दाव्याची गाठ सोडून परत बांधत होते. "आला."

"मंग?"

"तू जाशील चांद्याले. तुह्या बाईले त्याच्याच घरी जा लागते."

हे बोलणं मला तेव्हाही समजलं आणि आजही समजतं. त्यात खोटं काही नव्हतं. तरी त्यांची किळस कमी झाली नाही. बाई गोठ्याच्या कडेलाच भांडी घासत होती, तिनं सगळं ऐकलं असणार. मी तिच्यापुढून गेले तेव्हा ती मान खाली घालूनच म्हणाली, "पड ना वो. काय झिजते तुह्यं?"

मी पाया पडले. जावई खाटेवर बसले होते, पाय खाली सोडून. टाचांना तेच तेल लावलेलं होतं, चकाकत होत्या. वाकले तेव्हा तो वास माझ्या तोंडात गेला. "चुकलं माझं," मी म्हटलं, "पट्टा बराबर नाई बसवला." त्यांनी पन्नी बाजूला ठेवली आणि ज्या हातानं खर्रा घासत होते तोच हात माझ्या डोक्यावर ठेवला. "सुखी राहा साळीबाई. चांगला नवरा भेटो." केसांत सुपारीचा चुरा राहिला. मग ते कोंबडी जेवले, हाडं चोखून ताटाबाहेर ठेवली, आणि बाबांनी ट्रंकेच्या झाकणावर फॉर्म ठेवून सही केली. पुढे माझ्या स्वेच्छानिवृत्तीच्या समारंभात एका साहेबांनी भाषण केलं, की त्या काळात, त्या भागात, मुलीला मोटार मेकॅनिकला पाठवणारा बाप किती मोठ्या मनाचा असेल. मी शाल-श्रीफळ घेतलं, खाली बसले. दुरुस्त केलं नाही. बाबांची किळस येते हे मी सांगितलंच, पण माझीही येते, आणि ती जास्त चिवट आहे. त्या पायांवर डोकं असताना मला अपमान वगैरे आठवत नव्हता. मी हिशोब करत होते की पहिली एसटी पकडली तर दहापर्यंत चांद्याला पोचता येईल.

सही करून झाल्यावर बाबा म्हणाले, "सकाळी आमच्यासंग चाल. पयले गाडी सुरू करून दे, मंग जाजो." मी फॉर्म उचलला आणि शाई वाळेपर्यंत हातात धरून बसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे रेतीचा ट्रक जात होता. बाबा आणि जावई त्यात बसून जीपकडे गेले. मी न्हाणीत होते, बाबांनी दोनदा हाक मारली, मी ओ दिली नाही. केस दोनदा धुतले. मग फॉर्म आणि मार्कलिस्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून फाट्यावर गेले आणि पहिल्या गाडीत बसले. मूल गेलं, जंगल लागलं, आणि वळणावर आमची जीप दिसली. बॉनेट उघडं. जावई सावलीत दगडावर बसलेले. बाबा रस्त्याच्या मध्यभागी हात वर करून उभे होते, एसटी थांबली. त्यांचा सदरा कोपरापर्यंत काळा झाला होता. खिडक्यांतून बघत ते माझ्या खिडकीशी आले.

"उतर सिंधू. माहा हात नाई जाऊन राह्यला आत. पट्टा तेवढा चढवून दे. मांगच्या गाडीनं जाजो."

मागची गाडी दुपारी होती. फॉर्म बारापर्यंत घेत होते. मी पिशवी मांडीवर नीट ठेवली. "पट्ट्याच्या चाकायवर तेल हाये बाबा. ते पुसल्याशिवाय दुसरा पट्टाही घसरन. जवायाले पुसाले सांगा."

बाबांनी मागं वळून जावयांकडे पाहिलं. जावई पन्नी घासत होते. कंडक्टर वैतागून म्हणाला, "उतरता काय बाई, का जाऊ देऊ?"

"जाऊ द्या," मी म्हटलं. "माझं तिकीट चांद्याचं हाये."

त्यानं दोरी ओढली. साडेदहाला मी आयटीआयच्या खिडकीवर फॉर्म दिला.